वेबसाइटवर नोटीस लागली, पण आपल्याला कळलीच नाही? मग आरएसएस फीड समजून घ्या

गेल्या वर्षीची, दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट आहे. माझा मावसभाऊ पुण्यात राहून सरकारी भरतीची तयारी करतो. सकाळी सातच्या आत सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पोचायचं, दुपारी मेसचा डबा, रात्री अकराला खोलीवर. एका पदासाठी त्याने अर्ज केला होता, फी भरली होती, अभ्यासही जोरात चालू होता. मधेच त्या कार्यालयाच्या वेबसाइटवर दोन ओळींची सूचना लागली: ज्यांची सही अस्पष्ट अपलोड झाली आहे त्यांनी ती पुन्हा अपलोड करावी. मुदत ११ दिवस. याला कळलं तेराव्या दिवशी. अर्ज बाद.

सगळ्यात वाईट म्हणजे ती सूचना त्याच्या फोनमध्ये आलेली होती! टेलिग्रामच्या एका ग्रुपवर कोणीतरी तिसऱ्याच दिवशी टाकली होती. पण असे १४ ग्रुप, प्रत्येकात टेस्ट सिरीजच्या जाहिराती, पीडीएफ, 'कट ऑफ किती लागेल' यावर वादावादी. कंटाळून त्याने सगळे म्यूट करून ठेवले होते. वयोमर्यादेची दोनच वर्षं हातात उरलेला मुलगा होता तो. मावशी फोनवर रडली.

त्या रात्री त्याने मला विचारलं, "दादा, तू एवढा सॉफ्टवेअरमधला, असं काही नाही का, की वेबसाइटवर नवीन काही लागलं की आपोआप कळेल? ग्रुपबिप नको."

आहे की. १९९९ पासून आहे. आरएसएस फीड म्हणतात त्याला. फुकट आहे, फोनवर चालतं, आणि माझ्या ओळखीतल्या तिशीच्या आतल्या जवळपास कोणालाच ते माहीत नाही. म्हणून हा लेख. त्या कार्यालयाच्या वेबसाइटचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलो.

फीड म्हणजे नक्की काय?

आमच्या कॉलेजात ऑफिसबाहेर काचेचा नोटीस बोर्ड होता. परीक्षेचे फॉर्म, स्कॉलरशिप, रिचेकिंगच्या तारखा, सगळं तिथेच लागायचं. होस्टेलवर आमच्या मजल्यावर एक मुलगा होता. तो रोज जेवायला जाताना बोर्डापुढून एक चक्कर मारायचा आणि परत आल्यावर दारातूनच ओरडायचा, "आज दोन नवीन!" किंवा "काही नाही!" बाकी आम्ही निवांत. फीड रीडर नावाचं अ‍ॅप म्हणजे हा मुलगा. तो रोजच काय, हवं तर दर तासाला चक्कर मारतो आणि एका नाही, पन्नास बोर्डांपुढून मारतो.

फक्त तो आपल्यासारखी वेबसाइट बघत नाही. आपण जे पान बघतो त्यात मेनू असतो, फोटो असतात, जाहिराती असतात, खालून वर येणारं 'आमचं अ‍ॅप डाउनलोड करा' असतं. यातलं नवीन काय हे मशीनला कळणं कठीण. म्हणून बऱ्याच वेबसाइट्स आपल्या मजकुराची आणखी एक साधी फाइल तयार ठेवतात. तीच फीड. त्यात फक्त यादी असते: ताज्या नोंदी, प्रत्येकीचं शीर्षक, लिंक, तारीख आणि थोडा किंवा पूर्ण मजकूर. नवीन लेख पडला की वेबसाइटचं सॉफ्टवेअर ही फाइल आपोआप बदलतं. त्यासाठी कोणाला वेगळं काही करावं लागत नाही.

ही फाइल एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. फीडची लिंक क्रोममध्ये उघडलीत तर कंसाकंसांचा भलामोठा कोड दिसेल. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. कोड दिसला याचा अर्थ फीड सापडलं. ते माणसाने वाचायचं नसतंच.

त्या कोडमध्ये प्रत्येक नोंदीला एक ओळख क्रमांकही असतो, त्याला जीयूआयडी म्हणतात. ही नोंद तुम्ही वाचलीत की नाही, हे अ‍ॅप यावरून लक्षात ठेवतं. शीर्षकातली चूक नंतर दुरुस्त केली तरी ओळख क्रमांक तोच, त्यामुळे तोच लेख पुन्हा नवीन म्हणून येत नाही. कधीकधी एखादी वेबसाइट नवीन सॉफ्टवेअरवर जाते, सगळे ओळख क्रमांक बदलतात आणि एका सकाळी तीन वर्षांपूर्वीचे लेख 'नवीन' म्हणून तुमच्यासमोर हजर. असं झालं तर दोष तुमच्या फोनचा नाही, एवढं समजून सगळं 'वाचलं' करून टाका.

"दर तासाला पन्नास वेबसाइट्स? माझा डेटा संपेल ना!" हा प्रश्न मावसभावानेही विचारला होता. नाही संपत, आणि त्यामागची युक्ती मला फार आवडते. पहिल्यांदा फीड देताना सर्व्हर सोबत एक शिक्का देतो, त्याचं नाव ईटॅग. पुढच्या वेळी अ‍ॅप तोच शिक्का दाखवून विचारतं, "यानंतर काही बदललंय का?" बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ एवढा आकडा पाठवतो. ३०४ म्हणजे 'बदल नाही', सोबत फाइलबिइल काही नाही. काही वेबसाइट्स शिक्क्याऐवजी शेवटच्या बदलाची तारीख वापरतात, काम तेच. (काही आळशी सर्व्हर दोन्हीही करत नाहीत आणि दर वेळी पूर्ण फाइल पाठवतात. पण ती फाइल मुख्यतः नुसत्या मजकुराची असते. एका रीलला जेवढा डेटा लागतो त्यात अशा कितीतरी फाइल्स येतात.)

आता यातली खरी गोष्ट. इथे विचारणारे तुम्ही असता. इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबच्या होम पेजवर काय दिसावं हे दुसरं कोणीतरी ठरवतं. तुम्ही फॉलो केलेल्या माणसाची पोस्ट चार दिवसांनी दिसते किंवा दिसतच नाही. फीडमध्ये मधे कोणी नाही. जे लागलं ते, ज्या वेळी लागलं त्या क्रमाने. पैसे देऊन कोणाला वरचा नंबर घेता येत नाही. वेबसाइटला तुमचा ईमेल आयडी किंवा मोबाइल नंबर द्यावा लागत नाही, त्यामुळे उद्या 'सर, आमचा नवीन कोर्स बघितला का' असे फोन येण्याचाही प्रश्न नाही. कंटाळा आला की अ‍ॅपमधून ते नाव उडवायचं, संपलं. अगदी अदृश्य राहता असं मात्र नाही. सर्व्हरला तुमचा आयपी पत्ता दिसतोच, जसा कुठलीही वेबसाइट उघडल्यावर दिसतो.

फोनवर सुरू करूया

अँड्रॉइड असेल तर माझं उत्तर सरळ आहे: प्ले स्टोअरवरून 'फीडर' नावाचं अ‍ॅप घ्या. फुकट, ओपन सोर्स, जाहिरात नाही, अकाउंट काढायची भानगड नाही. आयफोन असेल तर 'नेटन्यूजवायर', तेही फुकट आणि ओपन सोर्स. तिसरा मार्ग म्हणजे 'फीडली' किंवा 'इनोरीडर'. यात अकाउंट काढावं लागतं, पण चक्कर मारायचं काम तुमच्या फोनऐवजी त्यांचा सर्व्हर करतो आणि फोनवर वाचलेलं लॅपटॉपवरही 'वाचलेलं' दिसतं. बदल्यात तुम्ही काय काय वाचता याची यादी त्यांच्याकडे राहते, आणि फुकटच्या प्लॅनवर मर्यादा असतात. पहिल्यांदाच करताय तर फीडरने सुरुवात करा.

अ‍ॅप उघडा, फीड जोडायचा पर्याय निवडा आणि तिथे वेबसाइटचा साधा पत्ता पेस्ट करा. फीडचा पत्ता माहीत नसला तरी चालतो. बहुतेक वेबसाइट्सच्या कोडमध्ये 'आमचं फीड इथे आहे' अशी एक ओळ लपलेली असते, ती अ‍ॅप शोधून काढतं आणि तुमच्यासमोर ठेवतं. एक निवडा, सेव्ह करा. एवढंच.

अ‍ॅपला सापडलं नाही तर थोडी खटपट. (खालचे शब्द मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.) वेबसाइट वर्डप्रेसवर असेल, आणि बऱ्याच असतात, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द जोडा. ब्लॉगरवर असेल तर तिरकी रेघ, 'फीड्स', तिरकी रेघ, 'पोस्ट्स', तिरकी रेघ, 'डिफॉल्ट'. कितीतरी जुने मराठी ब्लॉग ब्लॉगरवर आहेत. वर्षातून दोनदाच लिहिणारा एखादा आवडता लेखक असेल तर त्याच्यासाठी फीडसारखी दुसरी सोय नाही. तुम्ही विसरलात तरी फीड विसरत नाही. काही वेबसाइट्सच्या तळाशी केशरी चौकोनात एक ठिपका आणि त्यातून निघालेल्या दोन कमानी असं चिन्ह दिसेल. ते फीडचं चिन्ह. ते दाबून धरा आणि लिंक कॉपी करा.

यूट्यूब चॅनेलचंही फीड असतं, हे ऐकून लोक सगळ्यात जास्त दचकतात. चॅनेलच्या पानाची लिंक पेस्ट करा, बरेच रीडर त्यावरून फीड स्वतः शोधतात. मग शिकवणीच्या चॅनेलचा नवीन व्हिडिओ आला की नुसतं शीर्षक दिसतं, आणि यूट्यूब उघडून 'फक्त एकच' म्हणत तास घालवायची वेळ येत नाही. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी: गिटहबवर कुठल्याही प्रोजेक्टच्या 'रिलीजेस' पानाच्या पत्त्याला शेवटी 'डॉट अ‍ॅटम' जोडलं की नवीन व्हर्जन आल्याचं कळतं. अ‍ॅटम हे फीडचंच दुसरं रूप आहे, २००५ साली त्याचा अधिकृत मसुदा ठरला. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही, सगळे रीडर दोन्ही वाचतात.

स्पर्धा परीक्षावाल्यांनो, इकडे लक्ष द्या. पत्र सूचना कार्यालय, म्हणजे तुम्ही रोज ज्याच्या नोट्स काढता ते पीआयबी, फीड देतं. रिझर्व्ह बँक प्रेस रिलीज आणि अधिसूचना यांची वेगवेगळी फीड्स देते. सेबीचंही आहे. या गोष्टींची 'आजचं पीआयबी सार' अशी पीडीएफ पैसे देऊन विकत घेणारी मुलं मी पाहिली आहेत! बातम्यांसाठी बीबीसी मराठीचं फीड आहे. आणि मराठी विकिपीडियावर कुठल्याही लेखाच्या 'इतिहास' पानालाही अ‍ॅटम फीड असतं, म्हणजे तुमच्या गावाच्या पानावर कोणी काय खोडलं तेही कळतं. (आमच्या गावाच्या पानावरून दोन पार्ट्यांमध्ये जे काही चालतं, तो वेगळा लेख होईल.)

इन्स्टाग्राम फीड देत नाही. ट्विटर पूर्वी द्यायचं, २०१३ मध्ये त्यांनी बंद केलं. तिथे आशा ठेवू नका.

दोन सेटिंग, जी कोणी सांगत नाही

फीडरसारखं अ‍ॅप फोनमधूनच चक्कर मारतं. आणि अँड्रॉइडला, त्यातही आपल्याकडच्या स्वस्त फोनना, बॅटरी वाचवायची इतकी हौस असते की मागे चाललेलं अ‍ॅप ते झोपवूनच टाकतात. मग तुम्ही म्हणता, फीड जोडलं पण काही येतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडा आणि बॅटरीच्या पर्यायात 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा तशा अर्थाचं जे असेल ते निवडा. मग अ‍ॅपच्या आत जाऊन किती वेळाने तपासायचं ते ठरवा, आणि 'फक्त वायफायवर' चालू असेल तर बंद करा. अभ्यासिकेत वायफाय नसेल तर अ‍ॅप दिवसभर गप्प बसेल आणि तुम्ही त्याला शिव्या द्याल.

किती वेळाने तपासायचं याला एक छुपं कारणही आहे. फीडमध्ये सगळा जुना माल नसतो, फक्त ताजा असतो. वर्डप्रेस मुळात शेवटचे १० लेख देतं, यूट्यूब शेवटचे १५ व्हिडिओ. दिवसाला ४० बातम्या टाकणाऱ्या वेबसाइटचं १० बातम्यांचं फीड तुम्ही दिवसातून एकदाच तपासलंत, तर मधल्या ३० गेल्याच. महिन्यातून दोनदा सूचना लावणाऱ्या कार्यालयाला मात्र दिवसातून एक-दोन चकरा पुरतात.

दुसरं सेटिंग नोटिफिकेशनचं. फीडरमध्ये प्रत्येक फीडसाठी ते वेगळं चालू-बंद करता येतं. मुळात सगळी बंद ठेवा. ज्यातलं काही चुकलं तर तुमचं खरोखर नुकसान होईल अशा दोन-तीन फीड्सचीच चालू करा. मावसभावाचे १४ ग्रुप म्यूट का झाले होते ते आठवा. सगळंच वाजायला लागलं की आपण काहीच ऐकत नाही.

आणि कमी जोडा. मी पहिल्यांदा उत्साहात एका शनिवार-रविवारी ६० फीड्स जोडली होती, त्यात दोन वर्तमानपत्रांची मुख्य फीड्स. बुधवारी अ‍ॅपवर ११०० न वाचलेल्या नोंदी. छातीत धस्स झालं आणि मी अ‍ॅपच उडवून टाकलं. सहा महिन्यांनी परत आलो तेव्हा नऊ फीड्सनी सुरुवात केली. आज तीसेक आहेत. न वाचलेल्याचा आकडा म्हणजे काही उधारी नाही, आठवडाभर बघितलं नाही तर सगळं 'वाचलं' करून पुढे चालू.

एवढं चांगलं आहे, तर कोणाला माहीत का नाही?

कारण यात कोणाचा फारसा धंदा होत नाही. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या 'माय नेटस्केप' पोर्टलसाठी हे बनवलं. बनवणाऱ्यांत रामनाथन गुहा होते, आयआयटी मद्रासचे. पुढे नेटस्केपने हात काढून घेतला आणि डेव्ह वाइनरसारख्या लोकांनी ते पुढे नेलं. मधे भांडणं होऊन दोन वेगळे फाटेही फुटले. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या आरएसएस १.० च्या लेखकांत एरन स्वॉर्ट्झ होता, तेव्हा वय वर्षं १४! त्याच महिन्यात दुसऱ्या फाट्याने फीडमध्ये ऑडिओ फाइलचा पत्ता जोडायची सोय केली. त्यातूनच पॉडकास्ट जन्माला आलं. म्हणजे तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर आरएसएस वापरताच आहात, फक्त त्याचं नाव कोणी सांगितलेलं नाही.

मग २००५ मध्ये गूगल रीडर आला, फुकट आणि झकास. सगळे तिकडे गेले, बाकीच्या रीडरांचे हाल झाले. आणि मार्च २०१३ मध्ये गूगलने सांगितलं की आम्ही बंद करतोय. १ जुलैला बंद झाला. मी तेव्हा दहावीची परीक्षा देत होतो, मला पत्ताही नव्हता. २०१८ च्या अखेरीला फायरफॉक्सनेही ब्राउझरमधली फीडची सोय काढली. आपल्या पिढीच्या हातात स्मार्टफोन आला तोवर केशरी चिन्ह पानांवरून गायब होत चाललं होतं. पण फाइल्स तिथेच होत्या, आजही आहेत. बऱ्याच वेबसाइटवाल्यांना आपल्याकडे फीड आहे हे स्वतःलाही माहीत नसतं.

वेबसाइटला फीडच नसेल तर?

आता मावसभावाकडे परत. मी मोठ्या तोऱ्यात त्याला म्हटलं, "दे तो पत्ता, पाच मिनिटांत करून देतो." अ‍ॅपमध्ये टाकला. फीड सापडलं नाही. शेवटी 'फीड' जोडून बघितलं, नाही. पानाचा कोड उघडून बघितला, नाही. केशरी चिन्ह नाही, काहीच नाही. एक साधा तक्ता, त्यात पीडीएफच्या लिंका. ज्याच्यासाठी हे सगळं करायचं, नेमकं तिथेच फीड नाही. सरकारी वेबसाइट्सच्या बाबतीत हा अनुभव तुम्हालाही येणार, आधीच सांगून ठेवतो.

यावर उपाय म्हणजे पानावर पाळत ठेवणारी साधनं. 'डिस्टिल' नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन आहे. पानाचा हवा तो भाग निवडायचा, तिथे बदल झाला की ते कळवतं. स्वतःचा सर्व्हर चालवता येत असेल तर 'चेंजडिटेक्शन' नावाचं ओपन सोर्स साधन आहे, ते झालेल्या बदलांचं फीडही बनवून देतं. कोडिंग येत नसेल तर डिस्टिल पुरे.

मला कोडिंग येतं, म्हणून मी शहाणपणा केला. पायथनमध्ये ४० ओळींची स्क्रिप्ट लिहिली. दर तासाला पान आणायचं, तक्त्यातल्या लिंका मोजायच्या, नवीन दिसली तर एका फीड फाइलमध्ये नोंद टाकायची. मावसभावाच्या फीडरमध्ये ते फीड जोडून दिलं. (तासाला एकदाच बरं का. मिनिटाला एकदा केलंत तर त्या बिचाऱ्या सर्व्हरवर तुम्हीच हल्ला केल्यासारखं होईल.) दोन महिने मस्त चाललं. मावशीने मला चकल्या पाठवल्या.

मग एक महिना काहीच आलं नाही. मला वाटलं, सूचनाच लागली नसेल. एका संध्याकाळी मावसभावाचा फोन आला, "दादा, साइटवर तीन नवीन नोटिसा आहेत. अभ्यासिकेतल्या पोराने दाखवल्या." माझ्या पोटात गोळा. कार्यालयाने वेबसाइटचं डिझाइन बदललं होतं. तक्त्याचं आतलं नाव बदललं, त्यामुळे माझ्या स्क्रिप्टला तक्ताच सापडेना. शून्य लिंका. पुढच्या तासालाही शून्य. शून्य आणि शून्य सारखेच, म्हणजे 'बदल नाही'. स्क्रिप्ट इमानदारीत महिनाभर 'सगळं ठीक' म्हणत राहिली. नशिबाने तिन्ही सूचना त्याच्या पदाच्या नव्हत्या. असल्या तर मी मावशीला काय तोंड दाखवणार होतो?

काही बिघडलं की आरडाओरडा होईल असं आपण गृहीत धरतो. इथे बिघाड आणि शांतता एकसारखी दिसत होती. म्हणून मी दोन बदल केले. लिंका शून्य सापडल्या तर आता फीडमध्ये नोंद पडते: 'तक्ता सापडत नाही, साइट स्वतः उघडून बघ.' आणि दर रविवारी सकाळी, काही घडो न घडो, एक नोंद पडते: 'चालू आहे, एकूण सूचना अमुक.' रविवारी ती नोंद दिसली नाही तर समजायचं की गडबड आहे. तुम्ही कोडिंग करत नसलात तरी हे करता येतं. महत्त्वाच्या प्रत्येक फीडची शेवटची नोंद कधीची आहे हे आठवड्यातून एकदा बघा, आणि ती मूळ वेबसाइटशी ताडून पाहा. फीड बंद पडलं तर ते तुम्हाला सांगायला येत नाही.

नंतर आणखी एक भोक सापडलं. काही कार्यालयं शुद्धिपत्रक वेगळं लावत नाहीत, त्याच नावाची पीडीएफ गुपचूप बदलतात. लिंक तीच, आतली तारीख नवी. त्यासाठी आता स्क्रिप्ट प्रत्येक पीडीएफचा आकार आणि शेवटच्या बदलाची तारीखही लिहून ठेवते. तरीही मी मावसभावाला बजावलंय की अर्ज भरल्यापासून परीक्षा होईपर्यंत दर दोन दिवसांनी मूळ साइट स्वतः उघडायची. फीड ही सोय आहे, कायदेशीर नोटीस नाही. 'मला फीडमध्ये दिसलं नाही' हे कारण कुठल्याही खिडकीवर चालत नाही.

मी त्या कार्यालयाच्या वेबसाइटवर दिलेल्या पत्त्यावर ईमेलही केला. सूचनांच्या तक्त्याचं फीड सुरू करा, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो एक पर्याय चालू करण्याइतकं सोपं असतं, हजारो मुलांची सोय होईल, असं मराठीत नीट लिहिलं. उत्तर आलेलं नाही. तुम्हीही ज्या वेबसाइटवर अवलंबून आहात तिथे लिहा. मागणाराच नसेल तर देणारा कशाला देईल?

मावसभावाच्या फोनवर आता ११ फीड्स आहेत, त्यातल्या दोघांचीच नोटिफिकेशन चालू. टेलिग्रामवर दोन ग्रुप ठेवलेत, ते टिंगलटवाळीसाठी. नवीन अर्ज भरलाय, परीक्षेची तारीख अजून लागलेली नाही. दर रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला त्याचा मला एक शब्दाचा मेसेज येतो: "आलं." म्हणजे स्क्रिप्ट चालू आहे. गेल्या रविवारी साडेनऊ झाले तरी आला नाही, तेव्हा मी लॅपटॉप उघडला. स्क्रिप्ट ठीक होती. हा झोपला होता.